तीन व्होल्टची आठवण

उल्हासनगर स्टेशनाबाहेर पडून कॅम्प नंबर तीनच्या गल्ल्यांत शिरलं, की एक गोष्ट ध्यानात येते. इथं कुठलीही वस्तू सहजासहजी मरत नाही. मिक्सर असो, मोबाइल असो, तिला दुसरा जन्म मिळतोच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं हे गाव. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपण सगळ्यांनीच केला आहे. पण त्या विनोदामागे हातांतलं कसबही आहे.

परवा पुतण्याला घेऊन तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पुतण्याजवळ गेमबॉयचं फ्लॅश कार्ट्रिज होतं. म्हणजे अशी पाटी, की जिच्यावरचा खेळ पुसून दुसरा लिहिता येतो. अडचण एवढीच, की खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवणारी तिची रॅम फक्त ८ केबीची. मोठ्या खेळांना ३२ केबी लागते.

"तशी चिप जुन्या कार्ट्रिजमधून निघेल," दुरुस्तीवाला म्हणाला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले. त्यांची स्वस्त कार्ट्रिजं मात्र इथं कामाची नाहीत. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका असतो. चिप त्याखाली गाडलेली. ती शाबूत निघत नाही. गेमबॉय १९८९ साली आला. त्याच्या कार्ट्रिजमध्ये चिपा सुट्या बसवलेल्या असतात. एकीत कारखान्यातच कोरलेला खेळ. दुसरी पानं उलटणारी, कारण यंत्राला एका वेळी खेळाचा ३२ केबीएवढाच भाग दिसतो. तिसरी रॅम. वीज गेली की रॅम सगळं विसरते, म्हणून शेजारी ३ व्होल्टचा बटणासारखा सेल.

असं कार्ट्रिज आमच्या घरी होतं. थोरल्या भावानं १९९९ साली दुबईहून आणलेलं. भाऊ आता नाही. रात्री जेवणं झाल्यावर तो खेळत बसे, आणि वहिनी, "अहो, मुलं झोपलीत, आवाज तरी कमी करा," म्हणत असे. वहिनीनंच ते पुतण्याच्या हाती दिलं होतं.

"काका, उघडण्याआधी एकदा लावून बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. "सेल जिवंत असेल तर जुना खेळ आत असेल. तो आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. चिप काढली की गेला."

पुतण्यानं बटण दाबलं. सूर वाजले. पडद्यावर नवा खेळ सुरू करण्याचाच पर्याय होता. पंचवीस वर्षांत सेल केव्हा संपला, कुणाला कळलंच नव्हतं. पुतण्या काही बोलला नाही. मीही नाही.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "काढा."

आधी सेल उतरवला, कारण गरम हवा लागली तर तो फुटू शकतो. मग फ्लक्स लावून हॉट एअरनं चिप सैल केली आणि चिमट्यानं अलगद उचलली. जुनी आणि नवी, दोन्ही चिपा २८ पायांच्या. पण पहिल्या आणि सव्विसाव्या पायाचं काम वेगळं. ८ केबीच्या चिपेत पहिला पाय मोकळा असतो. ३२ केबीच्या चिपेत हे दोन्ही पाय जास्तीच्या जागांचे पत्ते सांगतात. तेवढ्या दोन पायांना केसासारख्या तारा जोडल्या, नवा सेल बसवला. अर्ध्या तासात काम झालं.

लोकलमध्ये पुतण्यानं नवा खेळ सुरू केला. खेळाडूचं नाव विचारल्यावर त्यानं क्षणभर थांबून बापाचं नाव लिहिलं, खेळ जतन केला आणि यंत्र बंद केलं.

कल्याण आलं तेव्हा त्यानं ते पुन्हा सुरू करून पाहिलं. नाव जागेवर होतं.