अमेरिकेतल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेला पहिला काळा माणूस

जोनाथन जॅस्पर राइट हे पेनसिल्व्हेनियातले शिक्षक. कायदा शिकले, पण काळे म्हणून वकिलीची परीक्षाच घेईनात! १८६६ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, तेव्हा कुठे सनद मिळाली. पुढे साउथ कॅरोलिनात १८६८ साली राज्यघटना घडवायला बसले, सिनेटर झाले आणि १८७० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. अमेरिकेत एवढ्या जागी बसलेला हा पहिलाच काळा माणूस. इकडे जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा राइटसाहेब न्यायदान करीत होते. १८७७ साली सत्ता पुन्हा जुन्या गोऱ्या मालकवर्गाकडे गेली. महाभियोगाचा धाक घातला, राजीनामा द्यावा लागला. मग चार्ल्स्टनच्या कचेरीत ते काळ्या तरुणांना कायदा शिकवू लागले. १८८५ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने गेले.