घमेले उतरवा, थापी हाती घ्या!

सावद्यात कुठेही बांधकाम निघो, तेथे आपल्या मायबहिणी दिसणारच. केळीच्या बागेतले काम नसले की वाळू चाळणे, विटा वाहणे, माल कालवणे हे त्यांच्या नशिबी! मिस्तरी मात्र पुरुषच. नवखा पोरगा दोन-तीन वर्षांत थापी धरून मिस्तरी होतो आणि पंधरा वर्षे घमेले वाहिलेली बाई बिगारीच राहते.

अंगबळाचे कारण आम्हाला पटत नाही. बळ लागते ते डोईवर विटा घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढायला. रंधा, करवत, थापी ही हत्यारे बापाकडून मुलाकडे गेली. आपल्या समाजाकडे ती फारशी आली नाहीत आणि बाईच्या हाती तर कोणी दिलीच नाहीत.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1944 साली मध्यवर्ती कायदेमंडळात खाणीतील स्त्रियांविषयी बोलताना समान कामाला समान वेतन हे तत्त्व मांडले. पुढे ते घटनेच्या 39 व्या कलमात आले, 1976 साली त्याचा कायदाही झाला. पण ठेकेदार म्हणतो, काम समान कुठे आहे? ती बिगारी, तो मिस्तरी! म्हणून आधी काम हाती आले पाहिजे.

ते येऊ शकते, हे लातूर-उस्मानाबादकडच्या बायांनी दाखवले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जी घरे पडली नव्हती, त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण शासनाने हाती घेतले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने हजाराहून अधिक गावांत बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. घराघरांत जाऊन अनुदान समजावणे, मिस्तरीचे काम तपासणे, भिंतीचे कोपरे कसे बांधायचे ते सांगणे अशी कामे त्यांनी केली. काहींनी गवंडीकामही शिकून घेतले. ज्या बायांना चावडीवर कोणी बसू देत नव्हते, त्या मिस्तरीला ‘हा कोपरा पुन्हा बांध’ म्हणू लागल्या. 2001 साली कच्छ हादरले, तेव्हा यांतल्याच काही जणी तिकडच्या बायांना धीर द्यायला व शिकवायला गेल्या.

आपल्याकडे महिलांचे प्रशिक्षण म्हटले की शिवणकाम नाहीतर ब्युटी पार्लर. एका गल्लीत किती जणी ब्लाऊज शिवणार? आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याला आठवी पास चालते. मुलींसाठी राखीव जागाही असतात. पण अर्ज भरताना घरचेच म्हणतात, ‘पोरीचे ते काम नाही.’ हे म्हणणारे जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतात, हे लिहिताना वाईट वाटते. मुलगी पोरांच्या वर्गात एकटी पडेल ही आईची काळजी मात्र खरी आहे. म्हणून दोघी-तिघींनी मिळून अर्ज करावा.

ज्या बहिणी आजच बांधकामावर जातात, त्यांनी नोंदणी टाळू नये. राज्यात बांधकाम कामगार कल्याण मंडळ 2011 सालापासून आहे. वय 18 ते 60 आणि मागील वर्षात 90 दिवस काम, एवढी अट आहे. कामाचा दाखला ठेकेदाराकडून घ्यावा, तो टाळत असेल तर नगरपालिकेत विचारावे. आधार कार्ड व बँकेचे पासबुक सोबत ठेवावे, आणि पासबुक बाईच्याच नावाचे असावे.