अवजाराची खरेदी आणि दुरुस्ती

नांगराचा फाळ झिजला म्हणजे पूर्वी शेतकरी तो गावच्या लोहाराच्या भात्यापाशी नेऊन देई. घडविणारा, पुरविणारा व दुरुस्त करणारा तो एकच. त्याचे बलुते खळ्यावरच पोहोचे. पुढे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना किर्लोस्करवाडीस आला. लोखंडी नांगराने जमीन नासेल या समजुतीमुळे आरंभी त्या नांगरास गिऱ्हाईक मिळेना. परंतु खोल नांगरटीचा गुण पटताच तो गावोगाव गेला, आणि कारखानदार व शेतकरी यांच्यामध्ये दुकानदार उभा राहिला.

आता मोबाइलवर मागणी नोंदविली की फवारणी पंप वा कोळप्याचे पाते घरपोच येते. ही सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु ऐन पेरणीत अवजार मोडले, तर वाफसा कोणाकरिता थांबत नाही, व परगावच्या विक्रेत्यास आपल्या शेताची निकड कळत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्या, अशी आमची विनंती आहे. झिजणारे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात काय? गावच्या कारागिरास ते बसविता येतात काय? हमी लेखी असून पक्की पावती मिळते काय? स्वतःच्या शेतीकरिता घेतलेला माल सदोष निघाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र पावती जपलेली हवी. शेजाऱ्यांनी मिळून एकाच बनावटीचे अवजार घेतल्यास सुट्या भागांचा साठा सामाईक ठेवता येईल. स्वस्त भावापेक्षा वेळेवर साधलेली पेरणी अधिक मोलाची, हे आमच्या शेतकरी बंधूंनी विसरू नये.