पिकअपच्या टायरात हवा किती असावी?



नवी पिकअप घेतली की आपण ती आधी चर्चच्या दारात आणतो. फादर प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडतात. काचेजवळ संत ख्रिस्तोफरचे चित्र लागते. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी उतरताना ते ओझे त्याला पेलवेनासे झाले, अशी त्याची आख्यायिका आहे. आपल्या गाडीचे ओझे मात्र कोण पेलते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पुष्कळांना वाटते, टायरचे रबर पेलते. खरे पाहता ते आतली दाबलेली हवा पेलते. टायर त्या हवेला धरून ठेवतो. म्हणून जसे ओझे तशी हवा, हा मूळ नियम.

बेळगाव-खानापूरकडची भाजी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. अशा वाटेवर हवेची चूक जिवावर बेतू शकते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, वाकते आणि तापते. आतले थर सुटू लागतात आणि भरल्या गाडीचा टायर वेगात असताना फुटतो. हवा जास्त झाली तर टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, तो लवकर झिजतो, गाडी उसळते आणि ओल्या रस्त्यावर घसरण्याचा धोका वाढतो.

मग योग्य हवा कोणती? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तक्ता असतो. तो वाचा. टायरच्या बाजूवर छापलेला हवेचा आकडा ही बहुधा टायरची कमाल मर्यादा असते. रोज तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नव्हे. तक्त्यात पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात, कारण हौद्यातला बहुतेक माल मागच्या चाकांवर येतो. समजा, मागच्या चाकांना रिकाम्या गाडीत ३६ पौंड आणि भरल्या गाडीत ५४ पौंड असे लिहिले आहे. माल भरण्यापूर्वी मागे ५४ पौंड करावेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे तुम्हीच पाहा. आकडा किलोपास्कलमध्ये असेल तर त्याला ७ ने भागावे, म्हणजे साधारण पौंड मिळतात.

हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. पहाटेची वेळ उत्तम. तापमान १० अंशांनी वाढले की हवा सुमारे दोन पौंडांनी वाढते, आणि धावून टायर तापला की आणखी चढते. घाट उतरल्यावर गेजवर चार-पाच पौंड जास्त दिसले म्हणून कित्येकजण हवा सोडतात. ही मोठी चूक होय. टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते. माल उतरवून त्याच दिवशी परतायचे असेल तर हवा तशीच राहू द्यावी. रिकामी गाडी बेताने चालवावी व अंतर राखावे. गाडी काही दिवस रिकामीच फिरणार असेल, तर सकाळी थंड टायरातून रिकाम्या गाडीच्या आकड्यापर्यंत हवा कमी करावी.

मात्र जादा ओझ्यावर जादा हवा हा उपाय नाही. टोमॅटोचा एक क्रेट २५ किलोचा धरला तर ५० क्रेटचे १२५० किलो होतात. १३०० किलोची गाडी तिथेच भरली. वर ५० किलोची बटाट्याची चार पोती टाकली, की १५० किलो जादा झाले. नवा टायर घेताना त्याच्या मापाशेजारचा भारांकही पाहावा. १०६ भारांकाचा टायर ९५० किलो पेलतो, तर १०० भारांकाचा ८०० किलो. स्वस्त मिळतो म्हणून मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर बसवू नये.

लक्षात ठेवा:
१. दर आठवड्याला व प्रत्येक लांबच्या फेरीपूर्वी हवा मोजा. स्टेपनी विसरू नका.
२. स्वतःचे गेज बाळगा. नुसती लाथ मारून हवा कळत नाही.
३. व्हॉल्व्हची टोपी घट्ट लावा.
४. हवा भरताना टायरसमोर उभे राहू नका. मुलांना दूर ठेवा.
५. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबल्याने चाके तापतात.

३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाताना हौद्यात माणसे बसवण्याचा मोह होतो. मालाच्या गाडीतून माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि टायर फुटला तर हौद्यातल्या माणसाला धरायलाही काही नसते. तेव्हा फेस्ताला बसने जावे.

गाडीला आशीर्वाद जरूर घ्यावा. पण देवाने दिलेला जीव जपणे हे आपलेही कर्तव्य आहे. पहाटे निघताना क्रुसाची खूण करावी, आणि त्याआधी पाच मिनिटे काढून चारही चाकांची हवा पाहावी.