फॉरमॅट मारण्याआधी घरच्या कॉम्प्युटरमधून काय काय काढून घ्यावं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून अनेक घरांत जुना कॉम्प्युटर पुसून नवीन विंडोज टाकायचं काम निघालं आहे. काही जण तर नुसता मशीन मंद झाला म्हणून दुकानात नेतात. दुकानदार विचारतो, "डेटा ठेवायचाय का?" आणि बहुतेक घरांतून उत्तर येतं, "डी ड्राइव्हमध्ये टाकून ठेवा, भाई."

इथेच गडबड आहे. घरच्या कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी या बहुधा दोन वेगळ्या डिस्क नसतातच. एकाच कपाटाचे ते दोन खण. फक्त सी फॉरमॅट झाला तर डी शाबूत राहतो, हे खरं. पण विंडोज टाकताना पडद्यावर 'पार्टिशन १, पार्टिशन २' अशी यादी येते, आणि घाईत चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं की खेळ खलास. डिस्कच बिघडली तर दोन्ही खण एकदम जातात. म्हणून आम्ही बॅकअप म्हणतो तो फक्त वेगळ्या डिस्कवरच्या प्रतीला.

त्यासाठी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. १ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर साधारण ९३१ जीबी दाखवते. कुणी फसवलेलं नसतं, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पेन ड्राइव्हवर शादीचा मोठा व्हिडिओ जात नसेल तर तो पेन ड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असणार. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी.

कॉपी करताना सी ड्राइव्हमधलं 'यूजर्स' फोल्डर उघडा. त्यात घरातल्या ज्याचं ज्याचं खातं असेल त्याच्या नावाचं फोल्डर असतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो सगळं तिथेच. दाखल्यांचे स्कॅन आणि नानांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग बरेचदा डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. ते कचरा समजून सोडू नका.

आता आपल्या घरांत हमखास विसरली जाणारी गोष्ट : लिपी. उर्दू मजकूर जुन्या इनपेजमध्ये टाइप केलेला असेल, तर ती फाइल वर्डमध्ये उघडत नाही. फाइल वाचली पण इनपेज गेलं, की दादाजानच्या नज्मांची वही कुलूपबंद पेटीसारखी पडून राहते. मराठीचंही तेच. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेले अर्ज, निबंध, प्रश्नपत्रिका फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात, आणि माणसाला वाटतं फाइल खराब झाली. म्हणून फॉरमॅटच्या आधी इनपेजचा सेटअप हाताशी ठेवा, विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते फॉन्ट कॉपी करा आणि महत्त्वाच्या प्रत्येक मजकुराची एक पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये सहसा फॉन्टही सोबत जातो. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला ही भानगड नाही.

दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर तो डॉक्युमेंट्समध्ये शोधू नका. टॅलीच्याच बॅकअपने घ्या. काही लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने बंद असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या, नाहीतर नवीन विंडोज टाकल्यावर डी ड्राइव्ह उघडणार नाही.

कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-दहा फाइल्स खरोखर उघडून बघा. नावं दिसली म्हणजे फाइल चालतेच असं नाही. ही दहा मिनिटं लोक का वाचवतात, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

फॉरमॅटचं काम त्यामानाने सोपं. विंडोजसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो, रिकामा, कारण तो पुसला जातो. आणि त्या वेळी बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा. लावलेली राहिली तर तीही त्याच यादीत दिसते.

नंतर फाइल्स परत टाकताना कट-पेस्ट नको, कॉपीच करा. प्रोग्रॅम मात्र कॉपी करून चालत नाहीत, नव्याने इन्स्टॉल करावे लागतात. फॉन्टवर राइट क्लिक करून इन्स्टॉल केलं की जुनी मराठी पुन्हा वाचता येते.

जुनी हार्ड डिस्क भंगारात किंवा ओळखीत विकणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा : क्विक फॉरमॅटने आतला माल पुसला जात नाही, फक्त यादी पुसली जाते. घरातल्या बायकांचे फोटो, आधारचे स्कॅन साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. विकण्याआधी क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. काही तास लागतील. चुकून भरलेली डिस्क क्विक फॉरमॅट झालीच, तर हीच गोष्ट उपयोगी पडते. तिच्यावर एकही नवीन फाइल टाकू नका, मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे तशीच घेऊन जा.