चाके टेकल्यानंतरचा वारा

हौशी व्यक्तीने शिक्षण किंवा छंद म्हणून निम्म्याहून अधिक काम स्वतः करून बांधलेले विमान अमेरिकेत ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदवले जाते. आपल्याकडे कांदिवलीतील एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले आणि २०१७ साली नोंदणी झालेले सहा आसनी विमान हे अशा घरबांधणीचे परिचित उदाहरण होय. या छोट्या विमानांना आडवा, म्हणजे धावपट्टीला छेदून वाहणारा, वारा मोठ्या विमानांपेक्षा अधिक जाचतो, कारण त्यांचा उतरण्याचा वेगच कमी असतो. १२ नॉटचा आडवा वारा असताना १४० नॉटने येणाऱ्या जेट विमानाला आपले नाक वाऱ्याकडे सुमारे ५ अंश वळवून खेकड्यासारखे तिरके यावे लागते, तर ६० नॉटने येणाऱ्या छोट्या विमानाला हाच कोन साडेअकरा अंश ठेवावा लागतो.

टेकण्यापूर्वी रडरने, म्हणजे शेपटीवरील उभ्या सुकाणूने, नाक धावपट्टीच्या रेषेत आणून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरला, तरी खरी कसोटी त्यानंतर लागते. वेग निम्म्यावर आला की रडरचे बळ चौथाईवर येते, वारा मात्र तेवढाच राहतो आणि वातकुक्कुटाप्रमाणे विमानाचे तोंड आपल्याकडे फिरवू पाहतो. शेपटीखाली लहान चाक असलेल्या ‘टेलड्रॅगर’ विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे सुरू झालेले वळण आपोआप वाढत जाते (मॉलमधील ढकलगाडी उलटी लोटून पाहिल्यास हे ध्यानात येईल), आणि विमान जमिनीवरच गर्रकन फिरून बाहेरच्या बाजूचा पंख घासला जातो किंवा चाकाचा पाय मोडतो. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. नाकाखाली चाक असलेल्या रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो आणि विमान स्वतःच सरळ होऊ पाहते. टेलड्रॅगरचा रुबाब अनेकांना भुरळ घालतो, पण त्याची किंमत येथे मोजावी लागते.

अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांनी, उतरण्याच्या स्थितीत ज्या किमान वेगाला पंखांची उचल टिकते त्याच्या निदान एक-पंचमांश एवढ्या आडव्या वाऱ्यात सुरक्षित उतरून दाखवावे, अशी अट दीर्घकाळ होती. घरी बांधलेल्या विमानाला ती लागू नव्हती. त्याची मर्यादा बांधणाऱ्यानेच, सहसा २५ किंवा ४० तासांच्या चाचणी-उड्डाणांत, शोधायची असते. परंतु नव्या, अनोळखी यंत्राची ही उड्डाणे साहजिकच शांत सकाळी केली जातात, आणि म्हणून पहिला जोरदार आडवा वारा पुष्कळदा पुढे केव्हातरी दुपारी, प्रवासाहून परतताना, एकच धावपट्टी असलेल्या मैदानावर गाठतो.