पानाच्या दोन वाटा

ऐका पोरांनो. आपल्या खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या तुम्ही रोज पाहता. 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक, असे पाच संच तिथं कोळशावर चालतात. तो कोळसा एके काळी झाडांचा पाला होता.

गोष्ट 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीची. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका तेव्हा एकमेकांना चिकटून होते. आपल्याकडे ना कडुनिंब होता, ना सागवान. फुलं तर जगात कुठंच नव्हती. होती ती ग्लॉसोप्टेरिसची झाडं, जिभेसारख्या लांबट पानांची. 1912 साली अंटार्क्टिकात दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी, गारठलेले होते. तरी सुमारे 16 किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत. त्या दगडांत याच पानांचे ठसे निघाले, म्हणजे तिथंही हीच झाडं होती!

आपल्याकडची ही पानं दलदलीत पडली, वर गाळ बसला. पान कुजवतात ते जिवाणू आणि बुरशी, आणि त्यांना हवा लागते. चिखलाखाली हवा कुठली? पाला अर्धवट कुजून तसाच राहिला, दाबानं आणि उष्णतेनं त्याचा कोळसा झाला. सिल्लेवाडा, वलनीच्या खाणी त्याच थरांतल्या.

आता अंगणातला कडुनिंब पाहा. फाल्गुनात तो पान गाळतो. त्या पानाला हवा मिळाली की काही महिन्यांत त्याची काळी, भुसभुशीत माती होते. पान तेच, वाट वेगळी!

ती माती म्हणजेच खत, मग खताला पैसे कशाला? सांदवाडीच्या कोपऱ्यात फटी ठेवून विटा रचा, नाहीतर रंगाच्या जुन्या डब्याला भोकं पाडा. तीन टोपली वाळला पाला, एक टोपलं भाजीची देठं, संत्र्याची सालटं, वर थोडा शेणकाला. सागाची पानं जाड, ती चुरूनच टाका. मूठ दाबली की ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये. आठ-दहा दिवसांनी खालवर करा. आंबूस घाण वास आला तर समजा, आत हवा पोचत नाही. ती जुनी दलदलच तुमच्या डब्यात तयार झाली. वाळला पाला घाला आणि हलवा. आपल्या उन्हात ढीग लवकर सुकतो, म्हणून ओल्या गोणपाटानं झाका. फाल्गुनात भरलेल्या पाल्याचं खत मृगाच्या पेरणीला तयार होतं. उरलेला पाला वांग्या-टमाट्यांच्या बुडाशी दोन बोटं जाड पसरा. काळी माती भेगाळत नाही आणि पाणीही कमी लागतं.

कोणी म्हणेल, केंद्राची राख आहेच की, तीच टाकू. मुळीच नाही! आपल्याकडचा 100 किलो कोळसा जाळला की 30 ते 40 किलो राख उरते. तिच्यात बोरॉन असतं, जड धातू असतात. ती विटांना, सिमेंटला बरी, खायच्या भाजीला नाही. चुलीतली लाकडाची राखही चिमूटभरच, कारण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी असते. शंका असेल तर नुसता अंदाज बांधू नका, सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळेत माती तपासून घ्या.

आणि एवढं ऐकाच: या फाल्गुनात झाडून गोळा केलेल्या पाल्याला कोणी काडी लावायला निघालं, तर त्याचा हात धरा आणि तो ढीग आपल्या घरी घेऊन या.